वाचन आणि आरोग्य : टॅरोचे पुस्तक घरात येते तेव्हा

वाचकहो, घरातील पुस्तकांच्या फळीवर एखादे नवे पुस्तक दिसले की त्याची आपुलकीने चौकशी करावी, आणणाऱ्याला त्यात काय भावले हे विचारावे, असा आग्रह या सदरातून आपण नेहमीच धरतो. आज ज्या पुस्तकाविषयी लिहायचे आहे, त्याची अशी चौकशी बहुधा होत नाही. ते उशीखाली ठेवले जाते, कपड्यांच्या घडीत ठेवले जाते, किंवा त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये असे सांगून घरातील वडीलधारी माणसे ते बाहेर काढायला लावतात. हे पुस्तक टॅरो पत्त्यांचे.

बारावीच्या निकालाची वाट पाहणारी मुलगी, लग्न लांबलेला मुलगा, नोकरी सोडावी की टिकवावी या विचारात अडकलेले गृहस्थ, आजारी सासऱ्यांची शुश्रूषा करून थकलेली सून, असे कोणीही हे पुस्तक घरी आणू शकते. त्यांना हसण्याने काही साधत नाही आणि रागावण्याने तर काहीच साधत नाही. मनुष्य भविष्याचे पुस्तक उघडतो तेव्हा त्याच्या वर्तमानात काहीतरी दुखत असते, हे आरोग्याची काळजी वाहणाऱ्याने प्रथम ओळखावे. म्हणून आज आपण दोन प्रश्नांचा विचार करू. या पुस्तकांतून काय शिकता येते? आणि काय शिकू जाणे प्रकृतीला अपायकारक ठरते?

ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही. आपल्याकडे शकुनवंतीची पोथी होती, फासे टाकून सांगितले जाणारे रमल होते, देवाला कौल लावण्याची रीत होती. अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, गावोगावच्या जत्रांना गेलेल्या जुन्या पिढीला पोपटवाला ज्योतिषी आठवत असेल. पिंजऱ्याचे दार उघडले की पोपट बाहेर येई, मांडलेल्या पत्त्यांतून चोचीने एक ओढी, आणि त्यावरील चित्र पाहून मालक भविष्य सांगे. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी पोपट बाळगणे गुन्हा ठरले आणि हे दृश्य विरळ झाले. पत्ता ओढणारा पोपट गेला आणि आपणच पत्ता ओढू लागलो, एवढाच काय तो फरक.

गीता प्रेसच्या रामचरितमानसात रामशलाका प्रश्नावली छापलेली असते. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. पंधरा ओळी आणि पंधरा स्तंभ, म्हणजे २२५ चौकटी. डोळे मिटून एका चौकटीवर बोट ठेवायचे आणि तेथून दर नववे अक्षर टिपत जायचे. त्यातून एक चौपाई तयार होते आणि तेच प्रश्नाचे उत्तर मानले जाते. यामागची रचना मोठी कुशल आहे. २२५ ला नऊने भागले की पंचवीस येतात. नऊ चौपायांची अक्षरे एकाआड एक गुंफून बसविलेली असल्यामुळे बोट कोठेही पडले तरी नऊपैकी एक उत्तर मिळणारच. जगातील सर्व प्रश्नांना नऊ उत्तरे! तरीही तेथे बोट ठेवणाऱ्याला दिलासा मिळतो, हे खोटे नाही. तो दिलासा उत्तरातून येतो की प्रश्न नीट मांडण्यासाठी क्षणभर थांबण्यातून, याचा विचार मात्र करण्यासारखा आहे. टॅरोच्या पुस्तकाकडे याच जिज्ञासेने पाहावे.

टॅरोचे पुस्तक हाती आले की प्रथम त्यातील इतिहासाचे प्रकरण वाचावे. पुस्तकाची पारख तेथेच होते. हे पत्ते प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांनी निर्माण केले, त्यांत गुप्त ज्ञान दडविले आहे, असे ठामपणे सांगणारे पुस्तक पुढील पानांतही तितक्याच सैलपणे बोलण्याचा संभव असतो. वस्तुस्थिती अशी की टॅरोचे सर्वांत जुने उपलब्ध पत्ते पंधराव्या शतकातील उत्तर इटलीचे आहेत. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा या राजघराण्यांसाठी रंगविलेले सोनेरी वर्खाचे पत्ते आजही पाहायला मिळतात. ते खेळण्यासाठी होते. आपण हुकूम बोलून हात करतो, तशाच जातीचा तो खेळ होता आणि त्यातील बावीस चित्रमय पत्ते हुकमाचे काम करीत. मलिक अहमदशहाने १४९० मध्ये आपल्या अहमदनगराची मुहूर्तमेढ रोवली, त्या सुमारास इटलीतील दरबारी मंडळी हेच पत्ते पिसून डाव मांडीत होती.

आपल्याकडेही पत्त्यांची परंपरा समृद्ध होती. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा भेट पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. महाराष्ट्रात सावंतवाडीच्या गोल, हाताने रंगविलेल्या गंजिफा प्रसिद्ध आहेत. त्यांतील दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा याप्रमाणे १२० पत्ते असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत साक्षात दशावतार हाती असूनही आपल्या लोकांनी गंजिफाला मुख्यत्वे खेळच मानले. चित्रात देव असला म्हणून पत्ता भविष्य सांगतोच असे नाही, हा विवेक आपल्या परंपरेतही आहे, हे ध्यानात ठेवावे.

मग टॅरोला भविष्य कोठून चिकटले? फ्रान्समध्ये १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ या विद्वानाने आपल्या ग्रंथात टॅरो म्हणजे इजिप्तच्या प्राचीन ग्रंथाचे अवशेष होत, असे प्रतिपादन केले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाही वाचता येत नव्हती. शांपोल्यॉंने तिचा उलगडा केला तो १८२२ मध्ये. म्हणजे जी लिपी वाचता येत नाही तिच्या आधारे केलेला हा दावा होता. लवकरच एतेइया या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थाने टॅरोवरून भविष्य कसे पाहावे याचे पुस्तक काढले, आणि खेळाच्या पत्त्यांना नवा व्यवसाय मिळाला. आज बहुतेक पुस्तकांत जी चित्रे दिसतात, ती १९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेल्या संचातील आहेत. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. दीर्घ काळ या संचाच्या नावात प्रकाशक आणि लेखक यांचा उल्लेख होई, चित्रकर्तीचा होत नसे. पुढे १९८० मध्ये मायकेल डमेट या इंग्रज तत्त्ववेत्त्याने टॅरोच्या खेळाचा विस्तृत इतिहास लिहून इजिप्तच्या कथेला काहीच आधार नसल्याचे दाखवून दिले.

हा इतिहास कळल्याने पत्त्यांचे सौंदर्य उणावत नाही. त्यांची भीती मात्र उणावते, आणि आरोग्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे.

आता अभ्यासाकडे वळू. टॅरोच्या संचात ७८ पत्ते असतात. बावीस मोठे, म्हणजे मूर्ख, जादूगार, एकांतवासी, नियतीचे चक्र, मृत्यू, मनोरा, तारा, चंद्र, सूर्य इत्यादी; आणि छप्पन लहान, म्हणजे पेले, तलवारी, दंड आणि नाणी या चार रंगांचे प्रत्येकी चौदा. पुस्तके साधारणतः तीन प्रकारची आढळतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक पत्त्यापुढे चार-दोन शब्दांत अर्थ दिलेला असतो. दुसऱ्या प्रकारात चित्रांचे विवरण असते. रेचल पोलॅक यांचे १९८० आणि १९८३ मध्ये दोन भागांत आलेले पुस्तक या प्रकारात मान्यता पावलेले आहे. तिसऱ्या प्रकारात पत्ते मांडण्याच्या रीती शिकवितात. नवखा वाचक पहिल्या प्रकाराकडे धावतो, कारण ते सोपे असते. आमचे सांगणे असे की एका पुस्तकावर कधीही थांबू नये. दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

याचे कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘मृत्यू’ हा तेरावा पत्ता घ्या. वेट यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पुस्तकात त्याचे अर्थ अंत, विनाश, आश्रयदात्याचे जाणे, मुलीच्या बाबतीत लग्नाचा बेत फिसकटणे असे कठोर आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुस्तके त्याच पत्त्याचा अर्थ स्थित्यंतर, जुने गळून नवे येणे, असा करतात. चित्र तेच, पत्ता तोच; बदलला तो काळ आणि लिहिणाऱ्याची दृष्टी. ज्या मुलीने पहिले पुस्तक वाचले ती रात्रभर रडेल आणि जिने दुसरे वाचले ती शांत झोपेल. दोघींच्या आयुष्यात मात्र त्या दिवशी काहीही वेगळे घडलेले नसेल. दोन पुस्तके शेजारी ठेवली की अर्थ पत्त्यात नसून लिहिणाऱ्याच्या लेखणीत आहे, हे कोणी न सांगता कळते. टॅरोच्या वाचनातून मिळणारा हा पहिला आणि बहुमोल धडा होय.

एक छोटी व्यावहारिक सूचनाही येथेच देतो. वेट यांनी ‘बल’ आणि ‘न्याय’ या दोन पत्त्यांच्या क्रमांकांची अदलाबदल केली. जुन्या फ्रेंच संचांत न्याय आठवा आणि बल अकरावे. वेट यांच्या संचात याच्या उलट. पुस्तक एका परंपरेचे आणि पत्ते दुसऱ्या परंपरेचे असले की वाचक गोंधळतो आणि आपल्या हातून काही अशुभ घडले अशी धास्ती घेतो. अशुभ काही घडलेले नसते. पुस्तक आणि पत्ते यांची जोडी जमलेली नसते, एवढेच.

आता चित्र कसे वाचावे ते पाहू. तलवारींचा नवमांक घ्या. रात्रीची वेळ आहे. एक व्यक्ती अंथरुणात उठून बसली आहे आणि तिने तोंड दोन्ही हातांत लपविले आहे. मागच्या काळोखात नऊ तलवारी आडव्या ओळीने टांगल्या आहेत. पायांवर रजई आहे. अर्थांची यादी देणारे पुस्तक येथे चिंता, दुःख, निराशा असे शब्द देऊन पुढे सरकते. आपण पुस्तक मिटावे आणि पाच मिनिटे केवळ चित्र पाहावे. तलवारी तिच्या अंगाला लागलेल्या नाहीत, त्या भिंतीशी आहेत. रजईवर गुलाबाची फुले काढलेली आहेत. मग वहीत तीन ओळी लिहाव्यात. मला चित्रात काय दिसले? ते पाहताना मला कोणाची आठवण झाली? माझ्या अंथरुणाभोवती रात्री कोणत्या तलवारी टांगलेल्या असतात?

ही तीन उत्तरे लिहून झाल्यावरच पुस्तकातील अर्थ वाचावा. चित्र दाखवून मनातले बोलते करण्याची युक्ती मानसशास्त्रालाही ठाऊक आहे. हर्मन रोर्शाक या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९२१ मध्ये शाईच्या डागांची परीक्षा प्रसिद्ध केली. १९३५ मध्ये क्रिस्टियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी संदिग्ध चित्रे दाखवून त्यांवर गोष्ट सांगायला लावणारी चाचणी मांडली. त्या चाचण्या प्रशिक्षित तज्ज्ञच घेतात आणि त्यांच्या मर्यादांविषयी शास्त्रज्ञांत वादही आहेत. पण एक गोष्ट उघड आहे. चित्राकडे पाहून मनुष्य जे बोलतो ते चित्राविषयी कमी आणि स्वतःविषयी अधिक असते.

येथे थोडे गणित करू. ७८ पत्त्यांतून तीन पत्ते क्रमाने मांडायचे तर ७८ गुणिले ७७ गुणिले ७६, म्हणजे ४ लाख ५६ हजार ४५६ मांडण्या होतात. पत्ता उलटा पडला तर वेगळा अर्थ, असे मानले तर ही संख्या आठपट होते. एवढ्या मांडण्यांचे अर्थ कोणत्याही पुस्तकात मावणार नाहीत. पुस्तक फार तर ७८ शब्दांचा कोश देते; वाक्य तुम्ही रचता. म्हणून तीन पत्त्यांतून जुळून आलेली गोष्ट विलक्षण खरी वाटली तर नवल नाही. ती तुमचीच गोष्ट असते.

ती इतकी खरी का वाटते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या व्यक्तिमत्त्वाचे वर्णन दिले. वर्णन कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यावेत, असे सांगितले. सरासरी ४.२६ आली. मग उलगडा झाला की सर्वांना एकच मजकूर दिला होता आणि तो मुख्यतः बाजारातील राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. आपण वरवर खंबीर दिसता पण आतून हळवे आहात, आपल्यातील पुष्कळ गुण अद्याप वापरलेलेच नाहीत, अशी वाक्ये कोणाला लागू पडत नाहीत? टॅरोचे पुस्तक वाचताना एखादे वाक्य मनाला भिडले, की ते शेजारच्या काकूंना लागू पडते का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

महाराष्ट्रातही अशी परीक्षा झाली आहे. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्या सहकार्याने २००८ मध्ये एक चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक दिव्यांग मुलांच्या कुंडल्या जमविल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या देऊन कोणती कोणत्या मुलाची हे ओळखण्यास सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांची सरासरी निम्म्याहूनही कमी भरली. नाणेफेक करूनही निम्मी उत्तरे बरोबर यायला हवीत! ही चाचणी कुंडल्यांची होती, टॅरोची नव्हती. पण तिची रीत आपल्याला घरी वापरता येते. वहीत तारीख घालून पत्ता लिहावा, त्यावरून काढलेला अंदाज स्पष्ट शब्दांत लिहावा, तीन महिन्यांनी वही उघडावी आणि मोजावे. खरे ठरलेले लक्षात राहते आणि खोटे ठरलेले विसरले जाते, हा मनाचा स्वभाव आहे. वही विसरत नाही.

आता आपल्या सदराच्या मुख्य चिंतेकडे येतो. पत्ता कोणत्या उंबरठ्यावर थांबला पाहिजे?

पहिला उंबरठा रोगनिदानाचा. छातीत कळ आली, स्तनात गाठ लागली, वजन अकारण उतरू लागले, लघवीतून रक्त गेले, तर पत्ता काढायचा नाही, डॉक्टरांकडे जायचे. ‘सूर्य’ आला म्हणून तपासणी पुढे ढकलणे आणि ‘मनोरा’ आला म्हणून ठरलेली शस्त्रक्रिया रद्द करणे, दोन्ही सारखेच घातक. बऱ्याच आजारांत उपचाराचे यश वेळेवर अवलंबून असते आणि पत्त्यांत घालविलेला महिना परत मिळत नाही. कायद्यालाही ही काळजी आहे. मंत्र, कवच, ताईत यांनी रोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. शेतीवाडीत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे कलम विशेष लक्षात ठेवावे.

दुसरा उंबरठा पुनरावृत्तीचा. एकच प्रश्न दिवसातून चार वेळा विचारला जातो, मनासारखा पत्ता येईपर्यंत संच पिसला जातो, पत्ता पाहिल्याशिवाय घराबाहेर पाऊल पडत नाही, अशी अवस्था आली तर तो अभ्यास राहिला नाही. चिंतेला क्षणभर उतार पडतो आणि मग ती दुप्पट होऊन परतते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली असेल, कशात मन लागत नसेल, भूक मंदावली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर तलवारींच्या नवमांकातील व्यक्ती चित्रात नसून आपल्या घरात आहे असे समजावे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असते आणि तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक टॅरोच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, अशी आमची सूचना आहे. ज्या रात्री हात त्या पुस्तकाकडे जाईल, त्याच रात्री तो क्रमांक डोळ्यांसमोर असेल.

तिसरा उंबरठा दुसऱ्याच्या आयुष्याचा. चार महिने पुस्तक वाचले की मैत्रिणींचे पत्ते पाहण्याचा मोह होतो. ज्या व्यक्तीने विचारलेले नाही तिच्याविषयी पत्ता काढू नये. नवऱ्याच्या मनात काय आहे, सून घर मोडील काय, हे पत्त्यांना विचारून संशय पेरू नये. ते त्या त्या माणसाला समोर बसवून विचारावे. लहान मुलांसमोर आजी-आजोबांच्या आयुष्याची भाकिते कदापि करू नयेत. मुलाच्या हाती ‘मृत्यू’ आला आणि योगायोगाने त्याच आठवड्यात घरात कोणी गेले, तर ते मूल स्वतःला दोषी मानते आणि ते ओझे वर्षानुवर्षे वाहते. चौथा उंबरठा पैशाचा. दोष काढायचा आणि तो घालविण्यासाठी महागडा उपाय सांगायचा, असा कोणी मागे लागला तर तेथून उठावे.

वाचकहो, एवढे उंबरठे सांगितल्यावर या पुस्तकात उरले काय, असे आपण विचाराल. पुष्कळ उरले. चित्रकलेचा आनंद उरला, इतिहास उरला, आणि स्वतःला प्रश्न विचारण्याची शिस्त उरली. अनिश्चित काळात माणसाला मनातले कोठेतरी उतरवून ठेवावेसे वाटते. त्याचे एक थोर उदाहरण आपल्याच शहरात आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. सुटका कधी होईल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये तेथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. मौलाना आझादांनी आपल्या स्नेह्याला उद्देशून पत्रे लिहिली. ती धाडण्याची सोय नव्हती, तरी ते लिहीत राहिले. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नीचे कलकत्त्यात निधन झाले आणि त्यांना अखेरचे भेटताही आले नाही. त्या दुःखालाही त्यांनी या पत्रांत वाट करून दिली. १९४६ मध्ये ही पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. उद्या काय होणार हे कळण्याचा कोणताच मार्ग नसताना आज मनात काय आहे ते लिहिणे, हा उपाय त्या तटबंदीच्या आत सिद्ध झाला.

पुढे १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने याच गोष्टीचा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशदायक अनुभवांविषयी लिहायला सांगितले. अनुभव आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढील काही महिन्यांत आरोग्य केंद्राची पायरी कमी चढावी लागली. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम माफक असल्याचे दिसले, आणि तो सर्वांना सारखा मिळत नाही. पण लेखणी आणि वही यांना खर्च नाही, आणि त्या कोणाला घाबरवीत नाहीत. लिहिताना दुःख अनावर झाले तर थांबावे आणि विश्वासाच्या माणसाशी बोलावे.

तेव्हा टॅरोचे पुस्तक घरात आलेच असेल तर असे करावे. ते लपवू नये आणि फाडू नये. विकत घेण्याआधी वाचनालयात पाहावे. आपल्या जिल्हा वाचनालयाची परंपरा १८३८ पासूनची आहे, तेथे मानसशास्त्राची आणि कलेतिहासाची पुस्तकेही शेजारच्या कपाटात सापडतील. आठवड्याला एकच पत्ता घ्यावा. आधी पाहावे, मग लिहावे, शेवटी वाचावे. प्रश्न विचारताना ‘काय होईल’ असे न विचारता ‘मी काय करू शकेन’ असे विचारावे. ‘मला नोकरी मिळेल का’ याऐवजी ‘या आठवड्यात मी कोणते दोन अर्ज भरीन’ असे लिहिले की वहीच्या त्या पानाला हातपाय फुटतात.

याच जिल्ह्यात नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० च्या सुमारास, ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य सांगितले. नऊ हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ आजही गावोगाव पारायणाला बसतो, आणि त्यातली थोडी जरी जगण्यात उतरली तरी वाचन सार्थकी लागले, असे वारकरी मानतात. टॅरोच्या पुस्तकाची त्या ग्रंथाशी तुलना होऊ शकत नाही आणि करायचीही नाही. पण वाचण्याची ती रीत कोणत्याही पुस्तकाला लावता येते. मुलीच्या उशीखाली हे पुस्तक सापडले तर ते तसेच ठेवावे, संध्याकाळी तिच्याजवळ बसावे, आणि तिला आवडणारा एक पत्ता दाखवायला सांगावा. तिला त्या चित्रात काय दिसते ते शांतपणे ऐकावे. मध्ये बोलू नये. कदाचित महिनाभर जे ती कोणालाच सांगत नव्हती, ते आपल्याला त्या पाच मिनिटांत कळेल.